'पेड ट्रेनिंग आहे, फी सुटते' – कुठून सुटते ते सांगा आधी

चुलीपाशी
काल एकांनी लिहिलंय की स्वित्झर्लंडला हॉटेल मॅनेजमेंट करा, सहा महिने वर्ग आणि सहा महिने पेड इंटर्नशिप, पगारातून फी सुटते, शिक्षण जवळजवळ फुकटात पडतं. खाली रांग लागलीय "माहिती पाठवा" म्हणणाऱ्यांची. मी गप्प बसलो असतो, पण माझ्या भाच्याने तीच पोस्ट मला पाठवली आणि ताई कराडजवळची दोन एकर विकायला काढायच्या गोष्टी करतेय, तेव्हा आता लिहितोच.

तिथे हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांचा देशभराचा एक करार आहे, त्यात इंटर्नचा किमान पगार ठरलेला असतो, काही वर्षांपूर्वी तो महिना २२००-२३०० फ्रँकच्या आसपास होता, तोच धरू. फ्रँक शंभर रुपये धरा, आता जास्तच आहे. सव्वादोन लाख ऐकलं की आपल्याकडे डोळे फिरतात. पण त्यातून आधी विम्याच्या वगैरे कपाती जातात, मग हॉटेलने राहायला-जेवायला दिलं तर त्याचा ठरलेला दर दिवसाला ३३ फ्रँक, म्हणजे महिन्याला ९९०. हातात राहिले हजार, फार तर अकराशे. सहा महिने पोरानं चहासुद्धा विकत घेतला नाही तरी सहा-साडेसहा हजार होतात. आणि भाच्याच्या हातातलं फीचं पत्र आहे वर्षाला ३४ हजार फ्रँकचं.

मी स्वतः दादरच्या आयएचएमचा, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी कॉलेजचा. ते १९५४ पासूनचं, देशातलं पहिलं. आयटीला, म्हणजे हॉटेलातल्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगला, महिना सहाशे रुपये मिळायचे, त्यातले निम्मे लोकलच्या पासात आणि बुटात जायचे, पण घरच्यांनी जमीन विकली नव्हती त्यासाठी. आम्हाला कोणी "पेड" म्हणून भुलवलं पण नव्हतं.

बर्फातली_कोल्हापूरकर
दादा तुमचा आकडा बरोबर असेल पण सूर अजिबात पटला नाही. मी केलंय स्वित्झर्लंड. फी सुटत नाही हे मला पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवरच कळलं आणि मी दोन रात्री रडले हे खरंय. पण फी सुटणं हाच एक फायदा असतो का?

एंगेलबर्गला होते मी. टिटलिसच्या डोंगरावर जाणारे आपले सगळे ग्रुप तिथे उतरतात. सकाळी सहाला ब्रेकफास्ट सर्व्हिस, अकराला सुट्टी, परत पाचला उभं राहायचं ते रात्री साडेदहापर्यंत. मधल्या वेळाला ते त्सिमरश्टुंडं म्हणतात, आपली ब्रेक शिफ्टच ती, फक्त झोप येते आणि बाहेर उणे बारा असतं. पाच महिन्यात मी एकटीनं साठ जणांचा हॉल सांभाळायला शिकले, आमची सुपरवायझर जर्मन, कूक पोर्तुगीज, भांड्यांना श्रीलंकेचा तमिळ अण्णा, आणि समोर ठाण्याच्या आजी म्हणतायत "बाळा कांदा-लसूण नको हं". इथे पुण्यात बसून कोण शिकवणार होतं हे मला? आज अबुधाबीत फ्रंट ऑफिसला आहे, कर्ज पाच वर्षांत फेडलं, वडिलांनी काहीही विकलं नाही.

चुलीपाशी
ताई तुमचं कौतुकच आहे, मनापासून. पण तुम्हीच सांगताय की फी सुटली नाही आणि कर्ज पाच वर्षं फेडलं. मग मी वेगळं काय म्हणालो?

आणि तुम्हाला एंगेलबर्ग मिळालं. दुसरी इंटर्नशिप कुठे झाली?

बर्फातली_कोल्हापूरकर
दुबईला. हो, तिथे स्टायपेंड स्विसच्या निम्मा पण नव्हता. कारण जर्मन-फ्रेंच दोन्ही धड येत नव्हतं आणि स्विस हॉटेलला ज्याला भाषा येते तोच हवा असतो. हे एजंटने सांगितलं नव्हतं, शाळेच्या कागदात बारीक अक्षरात होतं. आता खुश?

जर्मनीवाली_मावशी
स्वित्झर्लंडच्या नावानं इतकं भांडताय तर जर्मनीचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता शिकायचं पगारी ट्रेनिंग, का बघत नाही कुणी? माझी मुलगी श्वार्त्सवाल्डमध्ये होटेलफाखफ्राऊचं, म्हणजे हॉटेलातल्या सगळ्या कामांचं, करतेय, तीन वर्षांचं आहे, दुसरं चालू आहे. फी शून्य. करार हॉटेलशी होतो, कॉलेजशी नाही. काही आठवडे हॉटेलात काम, काही आठवडे बेरूफशूले म्हणजे धंदेशिक्षणाच्या शाळेत वर्ग, मधे एक परीक्षा आणि शेवटी आयएचकेची, म्हणजे तिथल्या उद्योग-व्यापार मंडळाची, परीक्षा. कायद्याने ठरलेला किमान पगार २०२५ ला सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिना ६८२ युरो आहे, पण हॉटेल लाईनचे करार बऱ्याच राज्यांत हजाराच्या आसपास जातात. तिला कपात होऊन आठशेच्या वर येतात, हॉटेलच्या स्टाफ-घरात खोली आहे तिचे तीनशे. बाकीच्यात भागतं, कधी कधी मलाच म्हणते आई तुला काय पाठवू.

हे सुखासुखी झालं नाही. बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन शिकायला सव्वा वर्ष गेलं, परीक्षेचा स्लॉट मिळेना म्हणून एकदा ती अख्खी रात्र लॅपटॉपसमोर बसली होती. एका एजंटने तीन लाख मागितले होते "हॉटेल मिळवून देतो" म्हणून. तिनं स्वतः चाळीस हॉटेलांना मेल केले, चार उत्तरं आली, दोन मुलाखती झाल्या. तीन लाख कशाचे हो? हॉटेलं स्वतः पोरं शोधतायत तिकडे.

आणि आपल्या महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केलाच आहे की, दहा हजार मनुष्यबळाचा, त्यात हॉटेलचीही कामं आहेत.

देवगडकर
मावशी करार कागदावर सगळ्यांचेच असतात, माझ्या चुलतभावानं त्याच करारावर भरोसा ठेवून जर्मनचा क्लास लावला, अजून बोलावणं आलं नाही, तोपर्यंत बोट घेऊन मासेमारीला जातोय. तुमच्या मुलीसारखं स्वतः मेल करायला हवं होतं त्यानं.

माझा मुद्दा दुसराच आहे. आउसबिल्डुंग म्हणजे डिग्री नाही. तीन वर्षं घासून पोरगी येणार आणि इथे स्थळं बघताना विचारणार "शिक्षण काय?" तेव्हा काय सांगायचं? वेटरचं सर्टिफिकेट?

जर्मनीवाली_मावशी
हे वाक्य तुम्ही माझ्या मुलीच्या तोंडावर बोलून दाखवा. तिला बिल, स्टॉक, बँक्वेट, रिसेप्शन सगळं येतं. दर आठवड्याला बेरिश्टहेफ्ट लिहावं लागतं, काय काम केलं, काय शिकले, त्यावर ट्रेनरची सही, ती वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. इथल्या कॉलेजात आयटीचं लॉगबुक शेवटच्या रात्री मित्राचं बघून लिहितात हे मला ठाऊक आहे, माझ्या भाच्यानं लिहिलंय. आणि ज्या स्थळाला वेटरची लाज वाटते ते स्थळ आम्हाला नको.

ठाणेकर_बाबा
माझी एक शंका आहे, राग मानू नका. आम्ही पूर्ण शाकाहारी. मुलाला मनापासून स्वयंपाकाची आवड, दहावीपासून पोळ्या लाटतो. बाहेर ट्रेनिंगला गेला तर बीफ-पोर्कला हात लावावा लागतोच का? सूट मिळते का? आपल्याकडे मधे अहमदाबाद, भोपाळ, जयपूरच्या आयएचएमला शाकाहारी पर्याय दिला होता असं वाचलं होतं.

चुलीपाशी
दिला होता खरा. युरोपात कूकच्या ट्रेनिंगला अशी अपेक्षा ठेवू नका. परीक्षेतच मांस असतं. सर्व्हिस किंवा रिसेप्शनला निभतं, तरी किचनमध्ये काही आठवडे जावं लागतं.

देवगडकर
मग हॉटेल लाईनला जायचंच कशाला? मासे न खाणाऱ्यानं बोटीवर नोकरी मागू नये.

माळकरी_नगरचा
देवगडकर, तुम्हाला हे बोलणं सोपं आहे. मी नगर जिल्ह्यातला, घरात तीन पिढ्यांची वारी, गळ्यात माळ सातवीपासून. फ्रायबुर्गजवळ कोख म्हणजे कूकचं आउसबिल्डुंग केलं. दुसऱ्या आठवड्यात टेबलावर अर्धं डुक्कर ठेवलेलं, शेफ म्हणाला आज हाडं वेगळी करायची. मी तसाच उभा. मग लॉकरपाशी गेलो, माळ काढली, डबीत ठेवली आणि परत येऊन सुरी हातात घेतली. रात्री वडिलांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सुट्टीत आलास की आळंदीला जाऊ, परत घालू.

तीन वर्षांत एक घास खाल्ला नाही. चव बघायची वेळ आली की शेजारच्या मुलाला सांगायचो, त्याला माझी भाजी कापून द्यायचो बदल्यात. शेफला पहिल्या महिन्यात स्पष्ट सांगितलं होतं, तो म्हणाला खाऊ नकोस, पण काम पूर्ण येऊ दे. पास झालो. त्यामुळे ठाणेकर बाबा, हात लावावा लागतो. खावं लागत नाही.

हरिपाठ_रोज
माळ काढून डबीत? नोकरीसाठी? वारकरी म्हणवून घेऊ नका मग. माझे आजोबा तुरुंगात गेले पण माळ काढली नाही.

माळकरी_नगरचा
तुमच्या आजोबांना नमस्कार. माझ्या वडिलांचं कर्ज तुमच्या आजोबांनी फेडलं नसतं. मी घरी पहिल्या पगारातून ऐंशी युरो पाठवले, ते बँकेचे हप्ते होते. तुम्ही मला वारकरी ठरवणारे कोण? पंढरपूरच्या वाटेवर गावोगावी अन्नदान होतं, तिथे वाढणाऱ्याची जात-धंदा विचारता का?

हरिपाठ_रोज
विषय वळवू नका. अन्नदान वेगळं आणि मांस कापणं वेगळं.

बर्फातली_कोल्हापूरकर
माझं मत सांगू? आम्ही तांबडा-पांढरावाले. मला कधी प्रश्न पडला नाही. पण त्या एंगेलबर्गच्या हॉलमध्ये ज्यांना हा प्रश्न पडायचा त्यांच्यामुळेच माझी नोकरी होती. मोठे टूरवाले स्वतःचा महाराज घेऊन येतात, हॉटेलचं किचन तासभर भाड्यानं घेतात, आणि स्विस कूक बाहेर उभा राहून मला विचारतो की ही माणसं मुळं-कांदे का खात नाहीत. जैन म्हणजे काय हे मी जर्मनमध्ये समजावलं तेव्हा मला माझी जर्मन पहिल्यांदा उपयोगी पडली. त्यामुळे नगरचे दादा, तुम्ही केलंत ते मला कळतं. हरिपाठ, तुम्हीही थोडं थांबा.

हरिपाठ_रोज
थांबलो. पण पटलेलं नाही. खाल्लं नाही एवढं मात्र मानतो.

माजी_समुपदेशक
मूळ मुद्द्यावर येऊ का? मी चार वर्षं परदेशी शिक्षणाच्या एका ऑफिसात बसलो, नाव सांगत नाही. "पेड इंटर्नशिप" हा आमचा पहिला शब्द असायचा, कारण बाप फीचा आकडा ऐकायच्या आधी त्याच्या डोक्यात पगार बसला पाहिजे. कमिशन शाळेकडून यायचं, फीच्या टक्क्यात. जर्मनीचं आम्ही कधी सांगितलंच नाही, कारण तिथे फीच नाही तर टक्का कशाचा.

आणि स्वित्झर्लंडमध्ये शिकून तिथेच राहायचं स्वप्न असेल तर नीट बघा. लोझानचं १८९३ चं स्कूल वेगळं, ते सरकारमान्य उच्चशिक्षणात मोडतं, तशा पदवीधरांना नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. गावोगावच्या खाजगी डिप्लोमाला ते आपोआप मिळत नाही, आणि मिळालं तरी युरोपबाहेरच्या माणसाला वर्क परमिट मिळणं फार अवघड. जर्मनीत आउसबिल्डुंग पूर्ण करून त्याच कामात दोन वर्षं झाली की कायमच्या परवान्याला अर्ज करता येतो. हा फरक मी चार वर्षांत एकाही बापाला सांगितला नाही. त्यातले दोघं अजून मला दिवाळीला मेसेज करतात आणि मला उत्तर देववत नाही.

देवगडकर
तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. पण आधी लिहायला हवं होतं.

बर्फातली_कोल्हापूरकर
मलाही असाच एक भेटला होता. तरी माझ्या शाळेला मी वाईट म्हणणार नाही, तिथे मला नॅपकिन घडी करण्यापासून बजेट मांडण्यापर्यंत सगळं शिकवलं. वाईट होतं ते "सुटते" हे क्रियापद. चुलीपाशी दादा, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे. फक्त तेवढ्यापुरतं.

चुलीपाशी
तेवढ्यापुरतंच मी बोलत होतो ताई. बाकी तुम्ही सांगितलेला तो साठ जणांचा हॉल, ते मला दादरला मिळालं नाही हे खरं आहे, मी सहा महिने नुसते ग्लास पुसले होते आणि स्टुअर्डिंगला, म्हणजे भांडी घासायच्या विभागात, उभा होतो. ते कबूल करायला मला दोन दिवस लागले.

काल ताईकडे जाऊन आलो. मावशींचा मेसेज वाचून दाखवला, भाचा "जर्मन फार अवघड असते" म्हणाला, मग माळकरींचं वाचलं आणि गप्प झाला. जर्मनच्या ए-वनचा, पहिल्या पातळीचा क्लास बघतोय साताऱ्यात. स्वित्झर्लंड पण पूर्ण सोडलेलं नाही त्यानं. जमिनीचं तूर्त थांबलंय. ताई म्हणते मला कुणाचं ऐकायचं नाही, मला एक खरी पगाराची चिठ्ठी बघायचीय, कपातीसकट. कोल्हापूरकर, तुमच्याकडे जुनी एखादी आहे का?

बर्फातली_कोल्हापूरकर
आहे. फेब्रुवारीची आहे, त्यात ओव्हरटाईमचे थोडे जास्त दिसतील, तसं ताईंना सांगा. नाव-नंबर खोडून पाठवते रात्री, शिफ्ट संपली की.