पुण्याची गाडी इंदूरला आणल्यावर सक्तीचा विमा कोणता?

प्रश्न: बदलीमुळे आम्ही पुण्याहून इंदूरला, सुदामानगरात राहायला आलो आहोत. मध्य प्रदेशात कारसाठी निराळा सक्तीचा विमा घ्यावा लागतो का?

उत्तर १: नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्राचा असल्यामुळे त्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला ‘थर्ड पार्टी’ विमा देशभर एकच आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली, तर भरपाईला कमाल मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र कारच्या बाबतीत साडेसात लाखांची आहे. स्वतःच्या गाडीचा पत्रा चेपला तर यातून छदामही मिळत नाही, आणि नेमका हाच गैरसमज मी सर्वाधिक पाहिला आहे.

उत्तर २: त्यात एक भर घालतो. मालक स्वतः गाडी चालवत असेल, तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही लागतो. तेवढे संरक्षण आधीच असेल, तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. विम्याविना पहिल्यांदा सापडल्यास दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पॉलिसीवरचा पत्ता?

उत्तर १: तो लगेच बदलून घ्या. शिवाय गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथेच राहणार असेल, तर एमपीचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागेल आणि तोही विमा कंपनीला कळवावा लागेल.