संध्याकाळ मोबाईलमध्ये जाते आणि मान, झोप, मित्र सगळेच बिघडत चालले आहे: काय करावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागेत राहतो, वय 46. गेली चार वर्षे हिशेबाचे काम घरूनच ऑनलाइन करतो. पूर्वी काम आटोपले की सायकल काढून आमराईत दोन फेऱ्या व्हायच्या आणि येताना गणपतीच्या देवळापाशी आम्हा पाच-सहा जणांचा कट्टा जमायचा. आता लॅपटॉप मिटला की हातात मोबाईल येतो आणि जेवणाची हाक येईपर्यंत तो सुटत नाही. मान सतत आखडलेली असते, रात्री एक वाजेपर्यंत झोप लागत नाही आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते.

हे सगळे मी चालवून घेत होतो. परंतु गेल्या महिन्यात कट्ट्यावरच्याच एका मित्राचे वडील वारले. व्हॉट्सॲपच्या गटावर मी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले आणि भेटायला उद्या जाऊ, परवा जाऊ असे करता करता दिवसकार्यही उरकून गेले. माझे घर त्याच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे. इंटरनेट बंद करणे मला शक्य नाही, कारण पोट त्यावरच आहे. कोणी यातून वाट काढली असेल तर सांगावे.

मानपाठ (मिरज)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी मानेबद्दल लिहितो. माणसाचे डोके साधारण 5 किलो वजनाचे असते आणि मान सरळ असताना ते पेलणे मुळीच जड जात नाही. मात्र मान जसजशी पुढे झुकते तसतसा मागच्या स्नायूंवरचा ताण वाढत जातो. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 2014 मध्ये संगणकावर मांडलेल्या गणितानुसार मान 60 अंशांत झुकली की हा भार सुमारे 27 किलो होतो. हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नाही, त्यामुळे तो तंतोतंत धरू नये, पण दिवसाच्या शेवटी तुमची मान का आखडते याची कल्पना त्यावरून येईल.

डोळ्यांचे कारण आणखी साधे आहे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या नेहमीपेक्षा फार कमी वेळा मिटतात आणि बुबुळावरचा ओलावा सुकतो. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी पाहिली तरी पुरते. झोपेबाबत सगळा दोष पडद्याच्या निळसर प्रकाशावर टाकला जातो. तो काही अंशी खरा आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना जागे ठेवते ती बहुधा ‘आणखी एकच व्हिडिओ’ ही ओढ. व्यायामाचे म्हणाल तर प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या पूर्वीच्या आमराईच्या फेऱ्या आणि सायकल मिळून तेवढे सहज होत असणार. हातात बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

जुना_गणितमास्तर (सातारा)

वरील सल्ला योग्यच आहे, पण इंटरनेटने माणसे तुटतात असे सरसकट म्हटले जाते, ते मला मान्य नाही. मी 71 वर्षांचा, घरी एकटा असतो. अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढणारा आमचा सात जणांचा गट आदल्या रात्री मोबाईलवरच ठरतो आणि कोणी सकाळी दिसला नाही तर अर्ध्या तासात त्याला फोन जातो. मुलगी परदेशात आहे. तिचा चेहरा रोज दिसतो, हे मी थोडे मानत नाही. आमच्या गटातला निरोप शेवटी गडाच्या पायऱ्यांवर नेऊन सोडतो आणि तुमच्या गटातला निरोप गटातच विरतो, एवढाच फरक मला दिसतो. कृष्णाकाठ, रागावू नका, पण तुमचा कट्टा मोडला तेव्हा बाकीचे चौघे-पाच जण काय करत होते?

येरळाथडी (कडेगाव तालुका)

मास्तरांचा प्रश्न नेमका आहे. आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाविषयी आपण वाचले असेल. टाळेबंदीत शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाईल आले आणि शाळा सुरू झाल्यावरही ते सुटेनात, तेव्हा 2022 च्या ऑगस्टमध्ये सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने एक नियम केला. सायंकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे आणि 8.30 ला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्या माणसांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. मला यातली खुबी दीड तासापेक्षा ‘सगळ्यांचे एकदम’ या गोष्टीत वाटते. एकट्याने मोबाईल ठेवला की आपलेच काही हुकते आहे असे वाटत राहते. सगळ्यांनीच ठेवला की हुकण्यासारखे तिकडे काही उरत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. मास्तर, रागावलो नाही. ते चौघेही घरी मोबाईलच पाहत होते, हे विचारल्यावर कळले. विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये भोंगा वाजवणे शक्य नाही, म्हणून तूर्त मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाला देवळापाशी जमायचे असे पाच जणांत ठरले आहे. काल त्या मित्राकडे जाऊन आलो. इतक्या उशिरा का आलास, असे त्याने विचारले नाही, त्यामुळे मलाच अवघडल्यासारखे झाले. निघता निघता मात्र त्याने वडिलांचा जुना अल्बम काढला आणि नऊ वाजले. एकच अडचण राहिली आहे: रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवला तर सकाळच्या गजराचे काय करावे?

मानपाठ (मिरज)

सेलवर चालणारे गजराचे घड्याळ अजून दुकानात मिळते. उशाशी मात्र ठेवू नका. उठून बंद करावे लागेल एवढ्या अंतरावर ठेवा.