परदेशातला पाठसराव म्हणजे सहल नव्हे

भावी शिक्षकांनी पाठसरावासाठी, म्हणजे खऱ्या वर्गात शिकवण्याच्या सरावासाठी, परदेशात जाणं ही निव्वळ हौस, असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे विद्यार्थी आधी आपल्या राज्यात पाठ घेतात, मग काही आठवडे दुसऱ्या देशातल्या शाळेत. हा क्रम फार मोलाचा, कारण वर्ग सांभाळायची धास्ती तोवर गेलेली असते आणि लक्ष मुलांकडे राहतं.

गणिताचंच बघा. स्पेनमध्ये भाजक भाज्याच्या उजवीकडे लिहितात, भागाकार भाजकाच्या खाली, आणि बरीच मुलं वजाबाकी मनातच करून फक्त बाकी मांडतात. लॅटिन अमेरिकेतही अनेक ठिकाणी हीच मांडणी. हे तिथल्या फळ्यावर स्वतः शिकवून आलेल्या शिक्षिकेच्या वर्गात उद्या कोलंबियाचा मुलगा आला, तर 'पायऱ्या कुठे आहेत?' म्हणून ती त्याचे गुण कापणार नाही. उलट त्याला पुढे बोलावून ती रीत सगळ्यांना दाखवायला लावेल.

नुसतं मागच्या बाकावर बसून निरीक्षण करून परतायचं असेल, तर मात्र तुमचा आक्षेप मान्य. म्हणून तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली रोज पाठ घ्यायला मिळतात का, हे अर्ज करण्याआधी जरूर विचारा.