कुत्रा पाळताय? कागदपत्रं, लसी, शेजारी… तुमचे अनुभव लिहा

मैत्रिणीकडे पिल्लू यायचंय. कुठली जात घ्यायची यावर सगळे भरभरून बोलतात, पण नोंदणी, लसी, कोणाला चावला तर काय, हे तिला कोणीच सांगत नाहीये. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी लिहाच, आणि ज्यांच्या शेजारी आहे त्यांनीही लिहा.

*

आमचा लॅब्रेडॉर एकदम शांत, तरी एका पाहुण्याने गेट उघडं ठेवलं आणि हा कुरिअरवाल्याच्या पोटरीला चावला. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुतली, मग त्याला घेऊन तडक डॉक्टरकडे, सोबत कुत्र्याचं लसीचं कार्ड. इंजेक्शनं द्यायची की नाही ते डॉक्टरच ठरवतात, कुत्र्याला लस दिलीय म्हणून आपण परस्पर "काही होत नाही" म्हणायचं नाही, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. चावला तेव्हा लाळेत विषाणू असेल तर तेवढ्यात तो आजारी पडतोच. सगळा खर्च आम्ही दिला आणि तो द्यायलाच हवा, नुकसानभरपाई बहुतेक ठिकाणी मालकाच्याच गळ्यात येते.

*

वरच्या ताईंनी कार्डाचं लिहिलं ते फार महत्त्वाचं. पार्वो-डिस्टेंपर (कुत्र्यांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार) यांच्या लसी साधारण 6 ते 8 आठवड्यांपासून, रेबीजची 3 महिन्यांच्या आसपास, मग वर्षाने बूस्टर. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आणि कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नव्हे हं, त्यात फक्त 15 आकडी नंबर असतो, तो स्कॅनरने वाचतात. आमची कुत्री फटाक्यांना घाबरून पळाली होती, ती चिपमुळेच परत मिळाली. फक्त फोन नंबर बदललात की नोंदणीतही बदला, नाहीतर चिप असून उपयोग शून्य.

*

मी कुत्रा न पाळणारा. मला भीती वाटते, लहानपणापासून. वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये यायच्या आधी पट्टा आखूड धरतात आणि विचारतात, "येऊ का?" एवढ्याने माझी सकाळ सोपी होते. "काही करत नाही हो तो" म्हणणाऱ्यांना कसं समजावू, माझं शरीर ऐकत नाही.

*

शी उचला, प्लीज. ती नुसती घाण नाही. त्यात गोलकृमींची अंडी असू शकतात, ती लगेच नाही पण काही आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात आणि मातीत खूप काळ टिकतात, आणि त्याच मातीत मुलं खेळतात, हात तोंडात घालतात, क्वचित मुलांच्या डोळ्यालाही इजा होते. म्हणून त्याच वेळी उचलायची आणि जंताचं औषध वेळच्या वेळी द्यायचं. मी जास्तीच्या पिशव्या पट्ट्यालाच बांधून ठेवते, दुसऱ्या कोणाकडे नसली तर देते.

*

भाड्याने राहणाऱ्यांनी पिल्लू आणण्याआधी घरमालकाची परवानगी लेखी घ्या. आमच्याकडे नुसती तोंडी होती, घर विकलं गेलं आणि नवीन मालक कुत्रा नको म्हणाले. आम्ही कुत्रा सोडला नाही, घर सोडलं.