मदत हवी आहे: दुधाच्या दाढा किडल्यात, ड्रिल न करता काही होतं का?

सानुली
गुरुवारची अपॉइंटमेंट आहे म्हणून जरा लवकर सांगा. डॉक्टर म्हणाले एकतर पूर्ण भूल देऊन सगळं एकदम करू नाहीतर ते काळं औषध लावून बघू, आणि हातात फॉर्म दिला. लेक तोंडच उघडत नाही, मागच्या वेळी इतकी रडली की शेवटी मीही रडले. भूल द्यायची फार भीती वाटते. नुसतं औषध लावून कीड थांबते का? कुणी लावलंय?

भिरभिरं
वय किती? दाढा किती? दुखतं का? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

रानवारा
दुधाचेच दात ना, पडणारच आहेत. आमच्या मुलाचे तसेच सोडले, काही झालं नाही.

दंतमित्र
रानवारा, असं कृपया सांगू नका. पुढचे दात सहा-सात वर्षांत पडतात पण दाढा 10-12 वर्षांपर्यंत लागतात. तेवढ्यात मुळाशी पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही त्रास होतो. मी मुलांचेच दात बघतो.
सानुली, ते औषध म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, बहुतेक 38 टक्क्यांचं. दात कोरडा करून छोट्या ब्रशने लावायचं, सुई नाही, ड्रिल नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइडने मऊ झालेला भाग कडक होतो. 2021 पासून डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण किडलेला भाग कायमचा काळा होतो, खड्डा भरून येत नाही आणि साधारण सहा महिन्यांनी परत लावावं लागतं. चांदीची ॲलर्जी असेल तर लावत नाहीत.

सानुली
अरे हो, लिहायचं राहिलं, चार वर्षांची आहे. खालच्या दोन दाढा, मागच्या. दुखत नाही, गार लागलं की तेवढं म्हणते.

मीनल_का
काळं करून घेण्यापेक्षा स्टीलची टोपी बसवा!! आमच्या मुलाला हॉल टेक्निकने बसवली, कीड न कोरता सिमेंट लावून टोपी वरून दाबली की झालं. आधी दाढांमध्ये रबराच्या रिंगा घातल्या होत्या. पहिले काही दिवस चावताना उंच लागायचं, मग आपोआप बसलं.

भिरभिरं
पण जी मुलगी तोंडच उघडत नाही ती टोपी दाबून कशी घेईल? औषधच बरं.

मीनल_का
माझाही उघडत नव्हता. दोन वेळा नुसतं खुर्चीवर बसवून परत आणलं, तिसऱ्या वेळी जमलं.

ओंजळ
ब्रश कुठला वापरता? आणि पेस्ट फ्लोराइडची नको, मुलं गिळतात.

दंतमित्र
ब्रशचं कुणी विचारलं नाहीये. फ्लोराइड हवंच, पेस्टचं प्रमाण पाळायचं: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी, आणि घासताना मोठं माणूस शेजारी.
औषध की टोपी हा वाद नंतर घाला. सानुली, आधी हे सांगा: रात्री झोपेतून उठून रडते का? दाढेजवळ हिरडीवर पुळी, सूज? एक्सरे काढलाय का?

सानुली
एक्सरे नाही काढला, काढूच दिला नाही तिने. पुळी आत्ता टॉर्चने बघितली, नाही दिसली. पण परवा रात्री उठून गालाला हात लावून रडत होती, मला वाटलं कान दुखतोय म्हणून कानच बघत बसले.

दंतमित्र
मग थांबा. आपोआप, रात्री दुखणं म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असू शकते, तिथे ना हे औषध चालत ना नुसती टोपी. डॉक्टरांना उद्याच फोन करून ही रात्रीची गोष्ट सांगा, गुरुवारपर्यंत थांबू नका. एक्सरेसाठी तिला मांडीवर घेऊन बसू द्या म्हणावं. दुसरी दाढ बरी असेल तर तिथे औषध चालू शकतं, दोन्हींना एकच उपाय असायला हवा असं नाही. गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी न्या.

रानवारा
आमच्या मुलाला रात्री कधी दुखलं नव्हतं, हे खरं आहे.

सानुली
सकाळी उघडलं की फोन करते. फॉर्मवर सही केलेली नाहीये अजून.