प्रायोगिक लघुपटात परकेपणा दिसतो, करुणा कुठे असते?

तिसरी घंटा: तुटका आरसा, रिकामा जिना, पाठमोरा माणूस, कानात एकसुरी घरघर. एवढं जमवलं की परकेपणावरचा लघुपट तयार! या सगळ्याचं मूळ शोधत 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' परत पाहिला. १९४३ चा, माया डेरेन आणि अलेक्झांडर हामिद यांचा, जेमतेम १४ मिनिटांचा. एकाच बाईची तीन रूपं टेबलाशी बसतात, एकीच्या हातातल्या किल्लीची सुरी होते आणि ती झोपलेल्या स्वतःवरच चालून जाते. दुभंगलेपण याहून नेमकं दाखवता येणार नाही, मान्य. पण तिच्यासाठी जीव तुटला? छे. कोडं सुटतंय का, एवढंच बघत राहिलो.

कवडसा: कथापट आधी ओळख करून देतो, मग डोळ्यांतून दोन थेंब वसूल करतो. ती कीव झाली. इथे सुरी घेऊन निघालेल्या बाईची पावलं बघा: वाळूत, गवतात, फरसबंदीवर, मग घरातल्या गालिच्यावर. खोलीतल्या खोलीत स्वतःपर्यंत पोचायला तिला अख्खं जग ओलांडावं लागतं. तेही एका शब्दाविना. संगीतसुद्धा १९५९ मध्ये चढवलेलं. मला तिथे गलबललं.

तिसरी घंटा: कट सुरेखच आहेत. दिग्दर्शिकेला दाद दिली, पण बाई तशीच राहिली ना!

पायरव: मध्येच बोलते. शेवटी शेवटी आजीला आरशातली स्वतः ओळखू यायची नाही. घाबरायची नाही हं. "त्या बाई कधीच्या उभ्या आहेत, खुर्ची द्या त्यांना," म्हणायची. आम्ही आरशापुढे खुर्ची ठेवायचो. याचा लघुपट केलात तर कॅमेरा कुठे लावाल? तिच्या मागे लावला तर ती नुसती 'पेशंट' दिसेल.

तिसरी घंटा: बघा, तुमच्याकडे खुर्ची दिली कुणीतरी! डेरेनच्या लघुपटात चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक काळी आकृती आहे, ती नुसती पुढे निघून जाते.

कवडसा: आणि ही बाई त्या आकृतीमागे धावते, पुन्हा पुन्हा. खुर्ची मोजता, धावणं नाही मोजत?

पायरव: तुम्ही भांडा. माझा कॅमेरा राहिला.

तिसरी घंटा: आरशाच्याच जागी लावेन. म्हणजे ती आपल्यालाच बसा म्हणेल. पण शॉट किती वेळ धरायचा?

पायरव: खुर्ची येईपर्यंत.