फ्लीट वॉकरच्या चरित्रात नुसतं कोष्टक पुरणार नाही

मोझेस फ्लीटवूड (फ्लीट) वॉकर हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला कृष्णवर्णीय बेसबॉलपटू. त्याच्या चरित्राच्या नोंदीत आकड्यांचं कोष्टक घालावं, अशी एक सूचना आलीय. जरूर घाला, पण १८८४ च्या एकाच मोसमातले ४२ सामने आणि फलंदाजीतली .२६३ ची सरासरी वाचून हा माणूस कळत नाही.

तो टोलेडो संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, होता. आजच्यासारखा जाड ग्लोव्ह तेव्हा नव्हता. वेगात आलेला चेंडू उघड्या हातांनी झेलायचा. त्यात त्याच्याच संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) टोनी मुलेन, कुठला चेंडू टाकावा हे सांगणाऱ्या वॉकरच्या खुणा, तो कृष्णवर्णीय म्हणून, मुद्दाम पाळत नसे. कुठला चेंडू येतोय हे माहीत नसताना तो झेलायचा! मुलेनने पुढे हे स्वतःच कबूल केलं, आणि वॉकर आपल्याला लाभलेला सर्वोत्तम कॅचर होता, असंही म्हणाला. माझ्या मते नोंदीचा गाभा हाच परिच्छेद हवा.

प्रमुख लीगमधला ‘पहिला कृष्णवर्णीय खेळाडू’ हे नोंदीतलं पहिलं वाक्य मात्र कृपया बदला. विल्यम एडवर्ड व्हाइट त्याआधीच, १८७९ मध्ये, प्रॉव्हिडन्स संघाकडून एक सामना खेळला होता. त्याचा जन्म गुलामगिरीतला, पण तो गोरा म्हणून वावरला. वॉकरने आपली ओळख लपवली नाही आणि अपमान उघडपणे सोसले. हा फरक दोन ओळींत सांगितला तर वॉकरचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

वॉकरचा भाऊ वेल्डी टोलेडोच्याच संघातून ५ सामने खेळला, तेही राहिलंय. आणि ओहायो राज्यातल्या स्टुबेनव्हिलमधल्या फ्लीट वॉकरच्या थडग्यावर १९९० पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता, हे शेवटी यायलाच हवं.